शेतीचा टक्का घटला, टनांचं काय?

प्रश्न एका तरुण कृषी सहायकाचा आहे. भंडारा जिल्ह्यातल्या धानाच्या गावांत त्याचं काम आहे. गावसभेत 'हवामान बदल आणि आपली शेती' या विषयावर त्याला बोलायचं आहे. त्याने लिहिलं आहे : "१९९४ साली देशाच्या हरितगृह वायूंमध्ये शेतीचा वाटा २८ टक्के होता आणि आता तो १४ टक्क्यांच्या खाली आला, असं माझ्या हाती असलेल्या तक्त्यात आहे. म्हणजे आपली शेती पंचवीस वर्षांत निम्म्याने स्वच्छ झाली, असं मी सांगू का? आणि यात जनावरं वगळून नुसत्या पिकांचा वाटा किती?"

पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो : नाही, असं सांगू नका. तक्ता बरोबर आहे, त्यावरून काढलेला अर्थ चुकीचा आहे.

टक्केवारी हा भागाकार असतो. वर शेतीचे टन, खाली देशाचे एकूण टन. १९९४ च्या राष्ट्रीय मोजणीत, जंगल-जमिनीचा हिशोब बाजूला ठेवला तर, देशाचं एकूण उत्सर्जन १२१.४ कोटी टन होतं. हे कार्बन डायऑक्साइडच्या समतुल्य टन. म्हणजे मिथेन आणि नायट्रस ऑक्साइड त्यांच्या तापवण्याच्या ताकदीप्रमाणे गुणून घेतलेले. त्यात शेती आणि पशुधन मिळून साधारण ३४ कोटी ४० लाख टन. २०१९ ची मोजणी २०२३ च्या अखेरीस जाहीर झाली. तिच्यात एकूण आकडा ३१३.२ कोटी टन आहे आणि शेतीचा वाटा १३.४४ टक्के. गुणाकार करून बघा, ४२ कोटी टन येतात. म्हणजे टक्का निम्म्याहून खाली आला, पण टन ३४ वरून ४२ कोटींवर गेले. मधल्या काळात कोळसा, पेट्रोल-डिझेल आणि वीज यांचं उत्सर्जन ७४ कोटी टनांवरून २३७ कोटींवर पोचलं. शेजारच्याने तीन मजले चढवले म्हणून आपलं घर ठेंगणं दिसावं, तसं हे झालं.

याचा सगळ्यात बोलका पुरावा २०२० सालात आहे. टाळेबंदीमुळे देशाचं एकूण उत्सर्जन जवळजवळ ८ टक्क्यांनी घटून २९५.९ कोटी टनांवर आलं. त्या वर्षी शेतीचा वाटा किती? १३.७२ टक्के. म्हणजे वाढला! प्रत्यक्षात शेतीचे टन ४२ कोटींवरून साडेचाळीस कोटींच्या आसपास उतरले होते. कारखाने आणि गाड्या थांबल्या, भाजक लहान झाला, आणि टन कमी होऊनही शेतीचा टक्का वर सरकला. गावसभेत एकच उदाहरण द्यायला वेळ असेल तर हे द्या. तिथल्या लोकांना टाळेबंदी आठवते आणि रोवणी (धानाची लावणी) थांबली नव्हती हेही आठवतं.

आता दुसरा प्रश्न, नुसत्या पिकांचा. इथे मला थोडं सावकाश जावं लागेल, कारण माझी उमेदीची वर्षं याच मोजणीत गेली.

राष्ट्रीय तक्त्यातल्या 'शेती' या रकान्यात पाच गोष्टी असतात : जनावरांच्या पोटातला मिथेन, शेणाची हाताळणी, भातशेतीतला मिथेन, नत्रखतांमुळे जमिनीतून सुटणारा नायट्रस ऑक्साइड आणि शेतात जाळलेले पिकांचे अवशेष. पहिल्या दोन पशुधनाच्या, उरलेल्या तीन पिकांच्या. २००७ च्या मोजणीत शेतीच्या एकूण टनांपैकी भात २०.९ टक्के, जमीन १३ टक्के आणि अवशेष-जाळणी २ टक्के होती. तिन्ही मिळून साधारण १२ कोटी टन, म्हणजे देशाच्या एकूण उत्सर्जनाच्या सव्वासहा टक्के. पुढच्या दशकाच्या मध्यावर भात साडेसतरा टक्क्यांच्या आसपास उतरला आणि खतं टाकलेली जमीन १९ टक्क्यांवर चढली. तोवर शेतीचे एकूण टनही वाढले होते, त्यामुळे पिकांचे टन १६ कोटींच्या घरात गेले. देशातला वाटा मात्र तिथेच राहिला, सहा टक्क्यांच्या जरा वर. १९९४ च्या आकड्यांवर हाच हिशोब केला तर दहा-अकरा टक्के येतात आणि अलीकडच्या वर्षांसाठी पाच टक्क्यांच्या आसपास. हे शेवटचे दोन आकडे माझ्या ढोबळ हिशोबातले आहेत. भाषणात सांगायचे तर 'सुमारे' हा शब्द सोडू नका.

या आकड्यांत एक गोष्ट खटकायला हवी. १९९४ मध्ये शेतीचे टन ३४.४ कोटी होते, २००७ मध्ये ३३.४ कोटी. मग २०१० मध्ये एकदम ३९ कोटी, २०१४ मध्ये ४१.७ आणि २०१६ मध्ये ४०.८. देशातली शेती अशी खाली-वर झाली नव्हती. यातला बराचसा चढउतार मोजण्याच्या पद्धतीचा आहे. एका किलो नत्रामागे किती नायट्रस ऑक्साइड सुटतो याचा जगभर वापरला जाणारा ढोबळ आकडा आधी सव्वा टक्का होता, २००६ मध्ये तो एक टक्का झाला. आपल्याकडच्या शेतांत प्रत्यक्ष मोजून २००७ साठी ०.५८ टक्का वापरला गेला. गुणक बदलला की शेतात काहीही न बदलता कोट्यवधी टन इकडचे तिकडे होतात. म्हणून वेगवेगळ्या अहवालांतली वर्षं एका रेषेत जोडून आलेख काढणाऱ्यांना मी नेहमी थांबवतो. एकाच पद्धतीने मागची वर्षं पुन्हा मोजलेली असतील तरच ती रेषा ओढावी.

भाताच्या बाबतीत तर या गुणकावरून देशाची इभ्रत पणाला लागली होती. १९९० च्या सुमाराला अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेच्या अंदाजात भारतातली भातशेती वर्षाला ३ कोटी ७८ लाख टन मिथेन सोडते असं धरलं होतं. हा आकडा परदेशातल्या शेतांवरच्या मोजमापांवरून ताणून काढलेला होता. दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेतल्या डॉ. ए. पी. मित्रा यांच्या पुढाकाराने १९९१ मध्ये देशभरातल्या भातखाचरांत प्रत्यक्ष मोजणी झाली. आकडा निघाला ४० लाख टनांच्या आसपास, म्हणजे आधीच्या अंदाजाच्या जवळजवळ नवव्या हिश्श्याएवढा. आपल्या देशातलं बरंचसं भात पावसाच्या पाण्यावर येतं, त्यातलं पाणी मधूनमधून आटतं आणि आपली खाचरं बाराही महिने तुडुंब नसतात, हे बाहेरच्या गणितात धरलंच नव्हतं. मी तेव्हा विद्यार्थी होतो. कुणीतरी गुडघाभर चिखलात उभं राहून मोजल्याशिवाय दुसऱ्याचा आकडा खोडता येत नाही, हे मला तेव्हा कळलं आणि मी या विषयाला लागलो.

मोजतात कसं ते सांगतो, कारण गावात हेच विचारतात. रोवणी झालेल्या बांधीत (धानाच्या खाचरात) चौकटीचा पाया आधीच रोवून ठेवायचा. सकाळी त्यावर ॲक्रिलिकची पारदर्शक पेटी ठेवायची, आत धानाचे चारसहा चूड (एका जागी लावलेल्या रोपांचे झुबके) येतील एवढी. पायाच्या खोबणीत पाणी भरायचं म्हणजे हवा बाहेर जात नाही. मग लगेच एकदा, पंधरा मिनिटांनी आणि तीस मिनिटांनी सिरिंजने आतली हवा खेचून बाटलीत भरायची. प्रयोगशाळेत गॅस क्रोमॅटोग्राफवर (वायू वेगळे करून मोजणाऱ्या यंत्रावर) त्यातला मिथेन मोजायचा. अर्ध्या तासात तो किती चढला त्यावरून हेक्टरी दर निघतो. हंगामभर, दर आठवड्याला, पाऊस असो नसो.

माझ्या पहिल्याच हंगामात एका बांधीचे आकडे इतर बांध्यांच्या तिप्पट येत होते. तीन आठवडे मी खत, वाण, शेणखत सगळं तपासत बसलो. शेवटी कारण सापडलं ते माझे पाय. पेटीपर्यंत जाताना मी चिखलात पाय रोवत होतो आणि खाली साठलेल्या वायूचे बुडबुडे भुडभुड करत पेटीत शिरत होते. तुम्हीही बांधीत उतरताना पाहिले असतील, पोटरीभोवती वर येतात आणि कुजका वास येतो. त्यानंतर बांधापासून पेटीपर्यंत लाकडी फळी टाकल्याशिवाय मी एकही नमुना घेतला नाही. त्या बांधीचे तीन आठवडे मात्र वहीत लाल रेघ मारून सोडून द्यावे लागले.

पाणी साचलं की चिखलातला प्राणवायू एकदोन दिवसांत संपतो. मग प्राणवायूशिवाय जगणारे सूक्ष्मजीव कुजणाऱ्या काडीकचऱ्यापासून मिथेन तयार करतात. त्यातला मोठा भाग बुडबुड्यांतून जात नाही, धानाच्या पोकळ ताटातूनच वर चढतो आणि हवेत जातो. हे कळलं की उपायही आपोआप कळतो : चिखलाला मधूनमधून श्वास घेऊ द्यायचा. भारतीय मोजमापांत हेक्टरी, हंगामाला सरासरी असे आकडे येतात : सतत पाणी साचवलं तर १६२ किलो मिथेन, एकदा पाणी आटवलं तर ६६, अनेकदा आटवलं तर १८. पूर येणाऱ्या खोलगट शेतांत १९०. आपल्या शास्त्रातल्या फार थोड्या गोष्टींत एवढा सरळ फरक पडतो.

पण भंडाऱ्याच्या गावसभेत हे 'आलटून-पालटून पाणी द्या' असं सांगायला गेलात तर पहिल्या रांगेतला म्हातारा विचारेल, "साहेब, पाणी माझ्या हातात आहे का?" आणि त्याचं बरोबर असेल. वरच्या बांधीचं पाणी खालच्या बांधीत उतरतं, ते खालच्याच्या खालच्याला लागतं. एकट्याने पाणी सोडायचं तर शेजाऱ्याशी भांडण ओढवून घ्यायचं. शिवाय सप्टेंबरात पाऊस दगा देईल या भीतीने बांधीत पाणी धरून ठेवणं हाच शहाणपणा असतो. ज्याच्याकडे विहीर किंवा कालव्याचं खात्रीचं पाणी आहे, विशेषतः उन्हाळी धानाला, त्यालाच हा सल्ला द्या. त्यांना भोकं पाडलेली पाइपची नळी बांधीत रोवायला सांगा. नळीतलं पाणी जमिनीखाली पंधरा सेंटिमीटर गेलं की पुन्हा पाणी द्यायचं. फक्त निसवताना आणि फुलोऱ्यात पाणी तोडायचं नाही, नाहीतर दाणा पोचट राहतो आणि पुढच्या वर्षी तुमचं कुणी ऐकत नाही.

कोरडवाहू धानासाठी आपल्याकडे वेगळे रस्ते आहेत आणि ते आपल्याच मातीतले आहेत. डॉ. ना. कृ. सावंत यांची चारसूत्री पद्धत घ्या : भाताच्या तुसाची राख आणि पेंढा पुन्हा जमिनीत, गिरिपुष्पाचा पाला, मोजक्या अंतरावर नियंत्रित लावणी आणि चार चुडांच्या मध्ये बोटाने खोल खोचलेली युरिया-डीएपीची गोळी. त्या गोळीची गंमत बघा. वरून फेकलेल्या युरियातलं नत्र पाण्याबरोबर वाहतं, हवेत उडतं. खोल चिखलात खोचलेलं नत्र तिथेच अमोनियमच्या रूपात राहतं आणि मुळं हळूहळू घेतात. कमी युरियात तेवढंच पीक येतं. नेरळच्या चंद्रशेखर भडसावळे यांच्या सगुणा भात तंत्रात तर चिखलणी आणि रोवणी दोन्ही जातात. कायमच्या गादीवाफ्यावर भात टोकला जातो. चिखल नाही तर चिखलातला वायूही कमी, हे तर्काने पटतं. पण तणांचा बंदोबस्त हा तिथला कळीचा मुद्दा आहे आणि भारी जमिनीत, सखल बांध्यांत ते सरसकट जमत नाही.

आता युरिया. पिकांच्या रकान्यातली खरी वाढ इथे आहे. भाताखालचं क्षेत्र १९९४ ते २०२२-२३ या काळात चार ते पाच कोटी हेक्टरांच्या मध्ये फिरत राहिलं, त्यामुळे भाताचा मिथेन फारसा हललेला नाही. उलट उत्पादन ८ कोटी टनांवरून २०२२-२३ पर्यंत साडेतेरा कोटींवर गेलं. म्हणजे एक किलो तांदळामागचा मिथेन खरोखर कमी झाला. शेतीतली स्वच्छता दाखवायचीच असेल तर ती इथे दाखवा, २८ आणि १४ टक्क्यांत नको. पण नत्राचं तसं नाही. १९६०-६१ मध्ये देशभरात खतांतून जेमतेम दोन लाख टन नत्र दिलं जायचं. आता ते दोनशे लाख टनांच्या घरात आहे.

एका गोणीचा हिशोब फळ्यावर मांडून दाखवा. ४५ किलोच्या गोणीत २०.७ किलो नत्र असतं. त्याच्या ०.५८ टक्के नत्र नायट्रस ऑक्साइड होऊन उडतं असं धरलं तर वायू भरतो १९० ग्रॅमच्या आसपास. तुमच्या गावातल्या पावशेरापेक्षाही कमी. पण हा वायू शंभर वर्षांच्या हिशोबात कार्बन डायऑक्साइडच्या २६५ पट तापवतो, म्हणून ते झाले ५० किलो. युरियाच्या रेणूतला कार्बन जमिनीत सुटतो त्याचे आणखी ३३ किलो. म्हणजे २६६ रुपये ५० पैशांच्या गोणीतून, गोणीच्या वजनाच्या पावणेदोन पटीहून जास्त. आता पश्चिम महाराष्ट्राकडे बघा. आडसाली उसाला शिफारसच हेक्टरी ४०० किलो नत्राची आहे. सगळं युरियातून दिलं तर १९ गोण्या, म्हणजे नुसत्या नायट्रस ऑक्साइडचे जवळजवळ एक टन. तुमच्या कोरडवाहू धानाच्या हेक्टरातून ६६ किलो मिथेन म्हणजे २८ ने गुणून (मिथेन कार्बन डायऑक्साइडच्या २८ पट तापवतो) साधारण १.८ टन. भाताकडे बोट दाखवणाऱ्या ऊसपट्ट्यातल्या मित्रांना मी हा हिशोब नेहमी ऐकवतो : भात पुढे आहे, पण ऊसही अगदी मोकळा सुटत नाही. त्यात पाटपाण्याने सरी तुडुंब भरायची आणि वर युरिया फेकायचा ही सवय अजून आहे. ओल्या, दमट जमिनीत खत पडल्यावरच्या पहिल्या काही दिवसांतच हा वायू सगळ्यात जास्त सुटतो. ठिबकमधून तेच नत्र वीस हप्त्यांत दिलं तर पिकाला मिळतं आणि हवेला कमी जातं.

इथवर आपण रकान्याच्या आतच होतो. पण 'पिकांचा वाटा' विचारणाऱ्याने रकान्याची कडही बघायला हवी. रायगड जिल्ह्यातल्या थळच्या खत कारखान्यात नैसर्गिक वायूपासून युरिया बनतो, त्याचं उत्सर्जन उद्योग आणि ऊर्जेच्या रकान्यात जातं. विहिरीवरचा पंप चालतो त्या विजेचा कोळसा चंद्रपूरच्या वीज केंद्रात जळतो, तोही ऊर्जेच्या रकान्यात. आणि देशातली १७-१८ टक्के वीज शेतीला लागते! ट्रॅक्टरचं डिझेल, तेही तिकडेच. उलट पाचट किंवा पराळी पेटवली की धुरातला कार्बन डायऑक्साइड मोजतच नाहीत, कारण तो त्याच वर्षी पिकाने हवेतून घेतलेला असतो. मोजतात फक्त सोबतचा मिथेन आणि नायट्रस ऑक्साइड. म्हणून जाळणीचा आकडा दोन टक्के एवढा लहान दिसतो. तो लहान आहे म्हणून पाचट जाळणं निरुपद्रवी आहे असा अर्थ कृपा करून कुणाला काढू देऊ नका. हेक्टरी आठ-दहा टन पाचटातला सेंद्रिय कर्ब आपण काडी लावून हवेत सोडतो आणि मग पुढच्या वर्षी जमीन पिकत नाही म्हणून तक्रार करतो.

याचा व्यवहारात उलटा परिणामही होतो. सौर कृषी वाहिनीवर (सौर प्रकल्पातून पंपांना वीज देणाऱ्या योजनेवर) गावातले पंप आले की शेतकऱ्याच्या पाण्यामागचा कोळसा वाचतो, पण शेतीच्या रकान्यात त्याचा एक टनही कमी झालेला दिसत नाही. फायदा ऊर्जेच्या खात्यावर जमा होतो. आणि ऊर्जेचे टन घटले की शेतीचा टक्का पुन्हा वर जातो, टाळेबंदीच्या वर्षात गेला तसाच. पुढच्या वीस वर्षांत देशातला कोळसा खरोखर कमी झाला तर शेतीचा वाटा वाढत जाईल आणि तेव्हा 'शेतकरी बिघडला' असे मथळे येतील. तेव्हा तुमच्यासारखी माणसं टन घेऊन उभी राहायला हवीत.

अजून एक जपायची गोष्ट. सरकारने उत्सर्जनाच्या तीव्रतेचं (देशाच्या उत्पन्नातल्या दर रुपयामागच्या उत्सर्जनाचं) जे उद्दिष्ट २०२० सालासाठी जाहीर केलं होतं, त्यातून शेती मुद्दाम वगळली होती. २०२१ मध्ये ग्लासगोच्या हवामान परिषदेत मिथेन घटवण्याचा जो जागतिक संकल्प झाला, त्यातही भारत गेला नाही. यामागे लहान शेतकऱ्याच्या पोटाचा प्रश्न होता आणि मला ती भूमिका योग्य वाटते. सव्वा एकर धानावर घर चालवणाऱ्या माणसाच्या माथी पृथ्वीच्या तापाचा हिशोब मारू नये. त्यामुळे गावसभेत 'तुमच्यामुळे तापमान वाढतं' या सुरात एक वाक्यही बोलू नका. युरिया वाचला तर पैसा वाचतो, पेंढा-पाचट कुजवलं तर जमीन सुधारते, पाणी मोजून दिलं तर उन्हाळी धानाला ते पुरतं. या बोलीत तीच गोष्ट सांगता येते. कार्बन क्रेडिटचे (उत्सर्जन घटवल्याबद्दल विकता येणाऱ्या प्रमाणपत्राचे) पैसे मिळतील असं आश्वासन कुणी तुमच्या तोंडून वदवून घ्यायला बघेल. एका हेक्टराचा मिथेन मोजायला किती कष्ट पडतात ते वर सांगितलंच आहे. करारावर अंगठा देण्यापूर्वी मोजणार कोण, कसं आणि किती वर्षं, हे लेखी विचारायला शिकवा.

तक्त्याचं म्हणाल तर तो बदला. टक्क्यांचा एकच रकाना आहे तिथे तीन करा : शेतीचे टन, देशाचे टन आणि मग टक्का. १९९४ समोर ३४.४, १२१.४ आणि २८. २०१९ समोर ४२, ३१३.२ आणि १३.४४. २०२० समोर ४०.६, २९५.९ आणि १३.७२. खाली एक ओळ घाला की दोन अहवालांतली पद्धत सारखी नाही. आणि जमलं तर एक युरियाची रिकामी गोणी आणि चारसूत्रीच्या गोळ्यांची मूठभर पिशवी सोबत न्या. गोळी हातात घेऊन बोटाने खोचून दाखवली की मागच्या रांगेतल्या बायाही पुढे येतात, कारण रोवणी त्याच करतात आणि ती गोळी खोचणारही त्याच आहेत.